मरीन ड्राइव्ह, भर दुपारी: पळण्याचा मार्ग म्हणून कसा आहे?

पहाटे पाचला मरीन ड्राइव्हवर पळणाऱ्यांना या मार्गाची ओळख करून द्यायची गरज नाही. हा आढावा दुपारी बारा ते दीडच्या मरीन ड्राइव्हचा आहे. नरिमन पॉइंट, मंत्रालय, चर्चगेट, फोर्ट या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या, दोन तासांच्या लोकल प्रवासामुळे पहाट हातची गेलेल्या आणि जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास पळू पाहणाऱ्या माणसासाठी तो लिहिला आहे.

निकाल आधी सांगतो. डिसेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चार ते सात किलोमीटरसाठी हा मार्ग दुपारीही चांगला आहे, आणि हवेच्या बाबतीत कित्येकदा पहाटेपेक्षा बरा. मार्च ते मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारी इथे पळू नये, चालावं. पावसाळ्यात भरतीचं वेळापत्रक पाहून ठरवावं. शक्य असेल तर सुरुवात नरिमन पॉइंटहून न करता चौपाटीच्या टोकाकडून करावी. बहुतेक जण नेमकं उलट करतात आणि परतीच्या वाटेवर त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. त्याचं कारण ऊन आणि वारा यांच्या दिशांमध्ये आहे.

आधी मार्ग. समुद्राच्या बाजूचा रुंद फुटपाथ हीच इथली धावपट्टी. नरिमन पॉइंटच्या टोकाला असलेल्या एनसीपीए या कलाकेंद्रापासून प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापर्यंत सुमारे दोन किलोमीटर, तिथून गिरगाव चौपाटीची वाळू लागेपर्यंत आणखी सव्वा ते दीड किलोमीटर. चौपाटी धरून पूर्ण रस्ता साधारण ३.६ किलोमीटरचा मानतात. या सगळ्या अंतरात समुद्राच्या बाजूने गेलं तर एकही सिग्नल लागत नाही, कुठलाही रस्ता ओलांडावा लागत नाही. दक्षिण मुंबईत दुसरीकडे कुठेही पळा, दर तीनशे मीटरवर थांबावं लागतं. उन्हात असं थांबणं जास्त त्रासाचं. पाय थांबतात, अंगावरून जाणारा वारा थांबतो आणि घाम वाळायचाही थांबतो. सिग्नल नसणं हा या मार्गाचा सर्वांत मोठा गुण आहे.

जमीन भरावाची, त्यामुळे चढ-उतार जवळजवळ नाही. नवख्याला हे सोपं वाटतं, पण पृष्ठभाग कडक आहे आणि प्रत्येक पाऊल आधीच्या पावलासारखंच पडतं. चढ नाही म्हणून मांडीच्या स्नायूंना पालट मिळत नाही, सगळा भार पोटऱ्या आणि नडगीवर येतो. आठवड्यातून दोनदा इथे पळत असाल तर तिसरा दिवस ओव्हल मैदानाच्या मातीवर काढा. बूट रोजच्या सरावाचे, जाड गादीचे हवेत. शर्यतीचे पातळ बूट या फुटपाथवर दुपारी घालण्यात काही फायदा नाही, कारण वेग तसाही कमीच ठेवायचा आहे.

आणखी एक गुण फार कमी लोक लक्षात घेतात, तो म्हणजे माघार घ्यायची सोय. चर्चगेट, मरीन लाइन्स आणि चर्नी रोड ही पश्चिम रेल्वेची तीन स्टेशनं या रस्त्याला जवळजवळ समांतर आहेत. कुठेही बिघडलं तरी चालत काही मिनिटांत स्टेशन गाठता येतं. मेट्रो ३ पूर्ण सुरू झाल्यापासून विधान भवन आणि चर्चगेट ही भुयारी, वातानुकूलित स्थानकंही हाताशी आली आहेत. उन्हाने डोकं गरगरायला लागलेल्या माणसाला अशी थंड जागा जवळ असणं फार मोलाचं असतं. दुपारी पळताना खिशात तिकिटापुरते पैसे किंवा कार्ड ठेवलंच पाहिजे.

आता सूर्य. घड्याळात बारा वाजले म्हणजे मुंबईत मध्यान्ह झाली असं नसतं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली, आणि मुंबई ७३ अंशांच्याही थोडी अलीकडे. म्हणून सूर्य सरासरी ३९ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. जुना बॉम्बे टाइम प्रमाणवेळेच्या नेमका तेवढाच मागे होता. वर्षभरात हा क्षण थोडा मागेपुढे सरकतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला साधारण १२.२२, डिसेंबरच्या शेवटी १२.४० च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२.५३. याचा व्यवहारात अर्थ एवढाच की, सुट्टी पुढेमागे करता येत असेल तर पावणेबाराला निघणं आणि पाऊणला निघणं यांत मोठा फरक आहे. पावणेबाराची धाव मध्यान्हापूर्वी आटोपते. पाऊणची धाव सगळी ऐन मध्यान्हात आणि त्यानंतरच्या तापलेल्या फुटपाथवर होते.

डिसेंबरच्या शेवटी मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४७-४८ अंशांवरच असतो, दक्षिणेकडे कललेला. माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. उलट मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य नेमका डोक्यावर. त्या काळात टोपीचा कडादेखील खांद्यांना वाचवत नाही.

सावलीच्या बाबतीत समुद्राकडचा फुटपाथ जवळजवळ नापास. माडाची झाडं आहेत, पण माडाची सावली पळणाऱ्याच्या काय कामाची? एका पावलात येते, दुसऱ्या पावलात जाते. सावली हवी तर रस्ता ओलांडून इमारतींच्या बाजूला जावं लागतं. तिथल्या आर्ट डेको इमारती २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांची उंची साधारण सारखी आणि बेताची, त्यामुळे सावली लांब जात नाही. पण त्यांची तोंडं पश्चिमेला असल्याने मध्यान्हापर्यंत त्यांच्या समोरचा फुटपाथ झाकलेला असतो. डिसेंबरात बाराच्या सुमाराला ही सावली चांगली रुंद असते, साडेबारानंतर आक्रसते आणि एकच्या आसपास संपते. ए रोडपासून जी रोडपर्यंतच्या छोट्या गल्ल्यांची तोंडं मात्र याच फुटपाथवर येतात. तिथे गाड्या वळतात, म्हणून इथे वेगात पळायचं नाही. शेवटचा अर्धा-एक किलोमीटर हळू करून अंग निववायला हा फुटपाथ वापरावा. उड्डाणपुलापलीकडे जिमखान्यांची मैदानं सुरू होतात आणि तिथे इमारतींची सावलीही नाही. तो पट्टा पूर्ण उघडा, हे गृहीत धरूनच बाहेर पडावं.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या मार्गावर दुपारी पळणं सुसह्य होणार की नाही हे वाराच ठरवतो.

शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे दर हिवाळ्यात प्रत्यक्ष अनुभवता येतात. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून. जमीन तापली की साधारण अकरा ते एकच्या दरम्यान तो फिरतो आणि पश्चिम-वायव्येकडून समुद्रावरून येऊ लागतो. फिरण्याआधी अर्धा-पाऊण तास हवा पडलेली असते. पूर्वेचा वारा इमारतींनी अडवलेला, समुद्राचा अजून आलेला नाही. मरीन ड्राइव्हवरचा दुपारचा सर्वांत वाईट वेळ हाच, मग पारा काहीही दाखवो. समुद्राचा वारा एकदा आला की पारा सहसा तिथेच अडतो. ज्या दिवशी पूर्वेचे वारे जोरात असतात आणि समुद्राचा वारा दोन वाजेपर्यंत येतच नाही, त्या दिवशी मुंबई भाजून निघते. फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये एकदम ३७-३८ अंशांवर पोचणारे दिवस बहुधा असेच. २८ मार्च १९५६ ला सांताक्रूझला नोंदलेलं ४१.७ अंश तापमान मार्चमधलंच आहे, मेमधलं नाही.

वारा आला की नाही हे ॲपमध्ये शोधत बसू नका. कठड्याशी उभं राहून पाण्याकडे बघा. पाणी तेलासारखं गुळगुळीत दिसत असेल तर थांबा. किनाऱ्याकडे येणाऱ्या बारीक लहरी आणि चेहऱ्यावर खारट झुळूक असेल तर निघा. नरिमन पॉइंटच्या इमारतींवरचे झेंडेही हेच सांगतात.

आता सुरुवातीच्या टोकाचा मुद्दा. मरीन ड्राइव्ह नरिमन पॉइंटहून आधी उत्तरेकडे, किंचित पूर्वेला झुकत जातो आणि उड्डाणपुलापासून वायव्येला वळतो. समुद्राचा वारा वायव्येचा. म्हणजे नरिमन पॉइंटहून निघालेल्याला जाताना वारा समोरून आणि ऊन पाठीवर. छान वाटतं, वेग आपोआप वाढतो. चौपाटीहून परत फिरलं की सगळं उलटतं. वारा पाठीमागून, साधारण आपल्याच वेगाने. म्हणजे अंगाला वारा लागतच नाही, घाम निथळतो पण वाळत नाही. हिवाळ्यातला दक्षिणेचा सूर्य थेट तोंडावर. शरीर आधीच तापलेलं. मार्गाचा सर्वांत गरम भाग नेमका सर्वांत थकलेल्या वेळी वाट्याला येतो.

चर्नी रोडहून किंवा चौपाटीहून सुरुवात केली की हिशेब सुटतो. ताजेतवाने असताना ऊन तोंडावर आणि वारा पाठीशी सोसायचा. एनसीपीएहून परत फिरलं की ऊन पाठीवर आणि वारा चेहऱ्यावर. समुद्राचा वारा छातीवर घेत पळताना तोच वेग लक्षणीय हलका वाटतो. गिरगाव, ऑपेरा हाऊस, ग्रँट रोड भागात काम करणाऱ्यांना हे सहज जमतं. नरिमन पॉइंटवाल्यांनी चर्चगेटहून लोकल पकडून दोन स्टेशनं चर्नी रोडला जावं आणि एकाच दिशेने... असा सल्ला काही जण देतात. तो मला पटत नाही. त्यात पूर्ण धाव पाठवाऱ्यात होते. त्यापेक्षा नरिमन पॉइंटहून निघणाऱ्याने फेरी छोटी ठेवावी: एनसीपीए ते चर्चगेटच्या सिग्नलसमोरून थोडं पुढे आणि परत, अशा दीड-दोन किलोमीटरच्या दोन किंवा तीन फेऱ्या. पाठवाऱ्याचा तुकडा लहान राहतो, पाण्याची बाटली एकाच जागी ठेवता येते, आणि तिसरी फेरी जड वाटली तर ऑफिस समोरच असतं.

कुठल्या दिवशी निघायचं आणि कुठल्या दिवशी नाही, हे तापमानावरून ठरवू नका. दवबिंदू पाहा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो आकडा; तो जितका जास्त तितकी हवा दमट. डिसेंबरातले ३१ अंश आणि मेमधले ३३ अंश यांत आकड्याने दोनचाच फरक, पण शरीराला तो प्रचंड. डिसेंबरात हवा कोरडी, घाम वाळतो आणि अंग गार होतं. मेमध्ये दवबिंदू २५ च्या आसपास असतो, घाम वाळायला हवेत जागाच नसते. सापेक्ष आर्द्रतेचा आकडा इथे फसवतो, कारण तो तापमानाबरोबर दिवसभर हलतो. दवबिंदू तितका हलत नाही. माझी मर्यादा अशी: दवबिंदू १६ च्या आत असेल तर मजेत पळा. १६ ते २० मध्ये अंतर कमी करा. २० ते २३ मध्ये दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. २४ च्या वर फक्त चाला. अंदाज बघताना कुलाबा वेधशाळेचा आकडा पाहा. सांताक्रूझचं कमाल तापमान बहुधा जास्त असतं आणि हा मार्ग कुलाब्याला जवळचा आहे. समुद्राचा वारा दवबिंदू थोडा वाढवतो, हेही ध्यानात ठेवा. तरीही वारा असलेला दमट दिवस वारा नसलेल्या कोरड्या दिवसापेक्षा या किनाऱ्यावर बरा जातो.

हवेच्या प्रदूषणात दुपार पहाटेला मागे टाकते, आणि दुपारची बाजू घेण्याचं हे सर्वांत भक्कम कारण आहे. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो, त्यावर गरम हवेचं झाकण, आणि धूळ-धूर खालीच अडकतो. ऊन चढलं की हवा वर उठते, मिसळते, आणि कणांचं प्रमाण बहुधा उतरतं. जानेवारीच्या सकाळी सातला समोरचं मलबार हिल धुरकट दिसतं, तेच साडेबाराला पुष्कळदा स्वच्छ असतं. दुपारी ओझोन वाढतो, हा दुसरा भाग. दमा असलेल्यांनी तो विचारात घ्यावा. निघण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपमध्ये कुलाब्याचा निर्देशांक पाहावा. २०० च्या वर असेल तर हवा ‘खराब’ वर्गात जाते, त्या दिवशी वेगाचा सराव नको. मरीन ड्राइव्हवर कोस्टल रोडच्या बोगद्याकडे जाणारी वाहतूक उड्डाणपुलाजवळ तुंबते. तेवढा तुकडा कठड्याला धरून पार करावा.

पाण्याच्या सोयीला मी या मार्गाला सर्वांत कमी गुण देईन. भर दुपारी फुटपाथवर पिण्याच्या पाण्याचा भरवसा धरता येत नाही, चौपाटीचे बरेचसे स्टॉल संध्याकाळच्या गिऱ्हाइकासाठी असतात. पाणी आपलं आपण न्यावं. हातात धरायची २५० ते ३०० मिलिलिटरची मऊ बाटली अर्ध्या तासाला पुरते. निम्मं प्यायला, निम्मं मानेवर आणि डोक्यावर ओतायला. समोरून वारा असताना मानेवर ओतलेलं पाणी चांगलं काम करतं, पाठवाऱ्यात ते नुसतं बनियनमध्ये मुरतं. म्हणून ओतायचं पाणी वाऱ्याच्या दिशेने वळल्यावर वापरावं.

किती प्यायचं हे वजनकाट्यावर कळतं. पळण्याआधी कमीत कमी कपड्यांत वजन करा, पळून आल्यावर घाम पुसून पुन्हा करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम, मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. दुपारच्या उन्हात ताशी एक ते दीड लिटर घाम जाणं मुंबईत नवलाचं नाही. निघण्याआधीच्या तासाभरात ३०० ते ४०० मिलिलिटर घोट-घोट प्या, उरलेलं नंतर दीड-दोन तासांत भरून काढा. घटीपेक्षा जास्त पाणी पिऊ नका. रक्तातलं सोडियम पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी आणि वाईट वेळी झटके येऊ शकतात, आणि माणसाला वाटतं ऊन लागलं, म्हणून तो आणखी पाणी पितो.

अर्ध्या तासाच्या धावेला मिठाचं पेय अनिवार्य नाही. कपड्यांवर पांढरे डाग पडणाऱ्यांनी, किंवा तासभर पळणाऱ्यांनी ते घ्यावं. घरच्या घरी: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, वर लिंबू. चमचा म्हणजे चहाचा, आणि सपाट म्हणजे खरोखर सपाट. मीठ जास्त झालं तर पोट ढवळतं. औषधाच्या दुकानातली पुडी घेणार असाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, लिटरला २०.५ ग्रॅमची घ्या आणि पूर्ण लिटरमध्येच कालवा. अर्ध्या बाटलीत पूर्ण पुडी टाकणं ही नेहमीची चूक, त्याने पोटात उलट पाणी ओढलं जातं. नंतर ताक किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत उत्तम. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे त्याच्यासोबत मिठाचं काहीतरी खावं.

कपड्यांबद्दल थोडक्यात. फिकट रंगाचा, सैल, जाळीदार बनियन. सुती टीशर्ट नको. तो भिजून जड होतो, काखेत आणि छातीवर घासतो. मांड्यांच्या आतल्या बाजूला पेट्रोलियम जेली लावा, समुद्राच्या खाऱ्या हवेत सोलवटणं लवकर होतं. टोपी कड्याची पण वरून जाळीची. चष्मा हवाच. दुपारी ऊन पाण्यावरून परावर्तित होऊन खालून डोळ्यांत येतं आणि टोपीचा कडा ते अडवत नाही. सनस्क्रीन पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, कपाळावर मात्र अगदी पातळ, नाहीतर घामाबरोबर डोळ्यांत उतरतं. मोजे नायलॉन मिश्रित. पायांवरून ओघळणारा घाम बुटात साचतो आणि ओले सुती मोजे टाचेला फोड आणतात. बूट दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाहीत, आतले तळवे काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबले तर वाळतात.

एका तासाच्या सुट्टीचं गणित असं बसतं. कपडे बदलणं आणि रस्ता ओलांडणं सात-आठ मिनिटं. पाच मिनिटं झपाझप चालणं. पंचवीस ते अठ्ठावीस मिनिटं पळणं. मग सावलीत दहा मिनिटं चालणं, यावर तडजोड नको. पळणं थांबल्यावरही दहा-पंधरा मिनिटं घाम येतच राहतो. लगेच अंग पुसून शर्ट चढवला तर तो शर्ट पाच मिनिटांत भिजतो आणि दुपारभर एसीत तसाच अंगावर राहतो. ऑफिसात शॉवर नसेल तर अर्धा लिटर पाणी आणि दोन छोटे पंचे पुरतात: एक ओला करून मान, काखा, पाय पुसायला, दुसरा कोरडा. डबा पळण्याच्या आधी उघडू नका. न्याहारी आठला झाली असेल तर अकराच्या सुमारास एक केळं, आणि डबा पळून आल्यावर अर्ध्या तासाने.

वेगाची अपेक्षा घरीच ठेवून या. दुपारी सकाळच्या वेगापेक्षा किलोमीटरला तीस ते साठ सेकंद हळू पळणं हेच योग्य. रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो, घामामुळे त्यातलं पाणी घटतं, म्हणून तोच वेग ठेवला तरी नाडी शेवटच्या दहा मिनिटांत चढत जाते. घड्याळातला वेग झाकून ठेवा आणि पूर्ण वाक्य बोलता येतंय का तेवढं तपासा. उन्हाची सवय व्हायला सात ते चौदा दिवस लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नका. सवय झाली की घाम लवकर सुरू होतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो. दोन-चार आठवडे खंड पडला की ती सवय जाते, पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरुवात. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन पळणाऱ्या आणि पूर्ण अंतराला पाच-सहा तास घेणाऱ्या हौशी धावपटूंना ही सवय फार उपयोगी पडते. त्यांचे शेवटचे किलोमीटर सकाळच्या गारव्यात पडत नाहीत, चढत्या उन्हात पडतात. सगळा सराव पहाटे केलेल्यांची तिथेच दमछाक होते.

बिघडतं कधी, ते ओळखायला शिका. उन्हात असूनही अंगावर काटा येणं, पोटरीत गोळा, मळमळ, पावलं वेडीवाकडी पडणं ही थांबायची खूण. घाम अजून येतोय म्हणजे ठीक आहे, असं मानू नका. पळण्यातून होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळत असतानाही आतलं तापमान चाळीसच्या वर गेलेलं असू शकतं. माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, कुठे आहोत ते सांगता येईना, तर तो उष्माघात समजा. आधी गार करा, मग हलवा: सावलीत आडवं करा, बूट-बनियन काढा, मिळेल तितकं पाणी अंगभर ओता, मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा गार बाटल्या लावा, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन करा. मरीन लाइन्सजवळ बॉम्बे हॉस्पिटल आणि चर्नी रोडला सैफी हॉस्पिटल या रस्त्याला जवळ आहेत. आदल्या दिवशी ताप किंवा जुलाब झाले असतील, रात्री दारू घेतली असेल, झोप झाली नसेल, किंवा लघवीचं प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची गोळी अथवा सर्दीची गोळी चालू असेल, तर त्या दिवशी दुपारचा बेत रद्द.

इतर जागांशी तुलना केली तर शिवाजी पार्कचा कट्टा दुपारच्या सावलीत निर्विवाद पुढे आहे. सुमारे १.१७ किलोमीटरचा फेरा, मोठी झाडं, मार्चमध्येही सहन होणारा. पण समुद्राचा वारा तिथे इमारतींतून गाळून येतो आणि फेऱ्या मोजून कंटाळा येतो. माटुंग्याची पाच उद्यानंही सावलीला चांगली, गाड्यांकडे लक्ष ठेवावं लागतं. कोस्टल रोडलगतचा प्रियदर्शिनी पार्क ते वरळी हा नवा सागरी पदपथ लांब आणि मोकळा आहे, २०२५ च्या ऑगस्टमध्ये लोकांसाठी उघडला. दुपारसाठी मात्र मी तो सुचवणार नाही. सावली नाही, आणि आत-बाहेर जायला ठरावीक भुयारी मार्गच. मध्येच चक्कर आली तर बाहेर पडायला चालत जावं लागतं. मरीन ड्राइव्हची तीन स्टेशनं तिथे नाहीत.

दिवस निवडताना दोन गोष्टी आणखी पाहा. वानखेडेवर सामना असेल त्या दिवशी चर्चगेट ते मरीन लाइन्स पट्टा दुपारपासूनच भरतो, एकदिवसीय सामन्याला तर बारालाच. डिसेंबरात शाळांच्या सहलींच्या बसगाड्या नरिमन पॉइंटला उभ्या राहतात आणि फोटो काढणारी मंडळी न बघता मागे सरकतात. तिथे कठड्यापासून हातभर अंतर ठेवून, वेग कमी करून जावं.

पावसाळ्यात ढगाळ दुपार पळायला सुखाची असू शकते, पण आधी महापालिकेने जाहीर केलेलं भरतीचं वेळापत्रक बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती दुपारच्या सुमारास असेल तर लाटा कठड्यावरून फुटपाथवर येतात, बरोबर दगड आणि कचरा आणतात, आणि पोलीस फुटपाथ बंदही करतात. ओहोटीच्या वेळीसुद्धा कठड्यालगतची दोन-तीन फुटांची पट्टी शेवाळाने निसरडी असते. जून ते सप्टेंबर फुटपाथच्या मधून पळा आणि खोल खाचा असलेल्या तळव्याचे बूट वापरा.